जर्मनीच्या बाजारात दिलेलं आवतन

माझा धंदा बिछायतीचा. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, गाद्या, स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्यानं देतो. राहतो वडशाला. आणि वडशाच्या बिछायतवाल्यानं डिसेंबरात गाव सोडून जाणं म्हणजे नवरदेवानं ऐन मुहूर्ताला दाढी करायला निघून जाणं. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो आणि गावोगावी मंडई भरते. पुण्याकडच्या वाचकांना मंडई म्हटलं की कोथिंबिरीची जुडी दिसेल. आमची मंडई म्हणजे गावाची वर्षाची जत्रा. दिवसा दुकानं, आकाशपाळणे आणि दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. त्या दिवशी गावात जो कोणी ओळखीचा दिसेल त्याला ‘घरी या जी’ म्हणायचंच असतं. ओळखीचा नसला तरी म्हणायचं असतं. म्हणणाऱ्याचं काही जात नाही आणि ऐकणाऱ्यावर काही बंधन नसतं. शंभर जणांना म्हटलं तर वीस येतात, आणि त्यातलेही पंधरा उभ्याउभ्या चहा पिऊन जातात. हा अंदाज माझ्या रक्तात आहे. पुढे जे झालं त्याचं खापर मी या अंदाजावर फोडतो, कारण दुसऱ्या कशावर फोडायची सोय माझ्या मुलीनं ठेवलेली नाही.

तर अशा ऐन हंगामात मी आणि बायको जर्मनीला गेलो. मुलगी तिथं दोन वर्षांपासून रंगाच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला आहे. तिनं बोलावलं म्हणून गेलो, हे आम्ही सगळ्या गावाला सांगितलं. तिला परत आणायला गेलो, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं की तिच्या कारखान्यानं तिला कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. त्याच सुमाराला नागपूरच्या एका कंपनीनंही तिला बोलावलं. दोघांनाही नाताळच्या सुट्टीआधी उत्तर द्यायचं होतं. फोनवर ती म्हणाली, “तुमी दोघंबी या. पंधरा दिवस राहा. माहं इथी कसं चाललं ते डोळ्यानं पाहा, मंग सांगा. मले एकटीले समजूनच नाई राह्यलं.”

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “पाहाचं काय त्यात? एकटी हाय पोरगी. घेऊन येऊ.”

“घेऊन येऊ,” मी म्हणालो. आमच्या घरात एखाद्या गोष्टीवर इतक्या लवकर एकमत व्हायची ही पहिलीच वेळ असावी.

माझ्या मंडपांना लायटिंग करणारा एक मित्र आहे. त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे, आणि आमच्या दोघांच्या धंद्यात कुठली तार कोणाची हे आता आम्हालाही सांगता येत नाही. त्यानं दुकान सांभाळायचं कबूल केलं. “तुम बेफिकर जाव भाऊ,” तो म्हणाला. “बेटी को देख के आव. खुर्च्या कहीं भागती नहीं.” मी विमानात बसल्यावर नागपूरच्या नोकरीवर एक भाषण तयार केलं. नागपूर म्हणजे सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. आजारपण, सणवार, आईच्या हातचं. भाषण चांगलं झालं होतं. बायकोला म्हणून दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं, तिचे कान दुखत होते.

मुलीनं आम्हाला आधी मोठ्या शहरातला नाताळचा बाजार दाखवला. नाताळच्या आधीचा महिनाभर तिकडं गावोगावी असे बाजार भरतात. चर्चसमोरचा मोठा फरसबंद चौक, त्यात लाकडी खोपट्यांच्या रांगा, प्रत्येक खोपट्याच्या छपरावर हिरव्या सूचिपर्णी फांद्या आणि दिवे. बाजारात गेल्यावर बायको मालाकडे पाहते, मी छपराकडे पाहतो. इतकी खोपटी उभी होती, पण एक बांबू दिसेल तर शपथ. सुतळी नाही, खुंटा नाही, लोंबणारी वायर नाही. मी एका खोपट्याच्या मागं जाऊन वाकून पाहू लागलो तेव्हा मुलीनं कोट धरून मला बाहेर ओढलं.

“बाबा, तिथी लोकं काम करून राह्यले.”

“अवो, पण याले उभं ठेवलं कशानं?”

दिव्यांचे फोटो काढून मी लायटिंगवाल्या मित्राला पाठवले. त्याचं उत्तर आलं, “सब एकच कलर? लाल-हरा नहीं मिलता क्या उधर?”

बायकोला मात्र वेगळंच काहीतरी खटकत होतं. ती साडीच्या आत दोन पायजमे, वर मुलीचा कोट आणि डोक्याला शाल अशा अवतारात चौकाच्या मधोमध उभी राहिली आणि कान टवकारून ऐकू लागली. एवढी मोठी गर्दी, आणि कोणी ओरडत नव्हतं. भोंगा नाही, ‘या ताई, पाहून जा’ नाही, हरवलेल्या पोराचं नाव पुकारणं नाही. दुकानदार गप्प, गिऱ्हाईक त्याहून गप्प.

“कोणी गेलं का जी इथलं?” तिनं मला हळूच विचारलं.

भाजलेले चेस्टनट घेतले तेव्हा ती जरा खुलली. सोलून तोंडात टाकला आणि म्हणाली, “हे तं आपल्या शिंगाड्याचे मोठे भाऊ.” सगळीकडे लोक मोठाले मग हातात धरून गरम लाल दारू पीत होते. लवंग-दालचिनीचा वास सुटला होता. आमचा जिल्हा दारूबंदीचा. भर चौकात, बायकोसमोर, पोटच्या पोरीच्या हातून मग घ्यायचा म्हणजे माझ्यानं झालं नाही. “मले नको, मले कुठी लागते?” असं मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की बायकोनं संशयानं पाहिलं.

मुलगी राहते ते गाव या शहरापासून तासाभरावर. लहानसं. तिथला बाजार डिसेंबरात फक्त शनिवारी, दुपारपासून दिवेलागण सरेपर्यंत. चर्चच्या भोवती वीस-पंचवीस खोपटी, एक लहान मुलांचा गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून वाजवणारे चार बँडवाले. आम्ही पोचल्यावर तिसऱ्या दिवशी शनिवार आला, आणि आम्ही तिघं बाजाराला निघालो.

आता मला एक सवय आहे, ती सांगतो. कोणाची गावात काय पत आहे हे आम्ही मंडईत पाहतो. मी आमच्या मंडईत एका टोकाकडून निघालो की दुसऱ्या टोकाला पोचायला दोन तास लागतात. कोणी हात धरतो, कोणी पान देतो, कोणी मागच्या वर्षीच्या फाटक्या कनातीबद्दल चारचौघांत बोल लावतो. आपल्याला थांबवणारी माणसं किती, यावर आपण त्या गावचे किती, हे कळतं. मुलीच्या गावातला बाजार आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. दहा-बारा मिनिटं लागली असतील. कोणीही थांबवलं नाही. दोन-तीन जणांनी मान हलवली, तीही बायकोच्या साडीकडे आणि माझ्या कानटोपीकडे पाहून. मुलगी आमच्या मधोमध चालत होती आणि हे काय विकतात, ते काय विकतात, सांगत होती. जरा जास्तच भरभर सांगत होती.

बटाट्याची गोल तळलेली धिरडी मिळतात तिथं, सफरचंदाच्या चटणीसोबत. त्या खोपट्यासमोर लांब रांग होती. मुलगी आम्हाला एका उंच टेबलाशी उभं करून, “काही प्यायला आणतो आदी” म्हणून गेली. तिकडं बायकोनं मान वळवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “दोन वर्सं झाले ना जी तिले इथी? कोणी थांबून इच्यारलं बी नाई पोरीले.”

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, झालं काम. भाषणाची गरजच नाही. पुढच्या क्षणी मुलगी तीन मग सांभाळत गर्दीतून येताना दिसली. बाजूला होणाऱ्या प्रत्येकाला ती हसून काहीतरी म्हणत होती आणि प्रत्येक जण बाजूला होऊन पुन्हा आपल्या घोळक्याकडे वळत होता. मला माझीच लाज वाटली. आपलं लेकरू एका गावात एकटं पडलंय आणि आपण मनात टाळ्या वाजवतोय.

तिनं तिन्ही मग टेबलावर ठेवले. गरम, लाल, वाफाळते. मी बायकोकडे पाहिलं. “घ्या,” ती म्हणाली, “थंडी लय हाय.” एवढी परवानगी मला पुरे होती. मुलगी धिरड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी एक मग संपवला. बायकोनं आपला चाखून माझ्याकडे सरकवला, तोही संपवला. कानांत ऊब आली, छाती रुंद झाली, आणि डोक्यात एकच विचार आला की माझ्या मुलीला या गावात कोणी विचारत नाही म्हणजे काय?

शेजारच्याच खोपट्यात मेणबत्त्या होत्या. विकणारी साठीची बाई, लालबुंद हात, डोक्याला लोकरीचा पट्टा. बायकोनं एक मेणबत्ती उचलून नाकाशी नेली. “मोहोळाचं मेन हाय हे. अस्सल.” जंगलाच्या कडेला वाढलेली बाई ती, मेण ओळखायला तिला भाषा लागत नाही. मेणबत्तीवालीला ते हुंगणंच आवडलं असावं, ती हसली. मी फोन काढला. मुलीनं त्यात सोय करून दिली होती, आपण मराठीत बोलायचं आणि फोन जर्मन बोलतो.

“आमची मुलगी इथंच राहते,” मी फोनला सांगितलं. “त्या बेकरीच्या वरच्या माळ्यावर. घरी या जी.”

फोननं ते एखाद्या करड्या मास्तरणीच्या आवाजात म्हटलं. बाई माझ्याकडे पाहत राहिली. मग फोनकडे वाकून बोलली. फोन मराठीत म्हणाला, “केव्हा?”

“केव्हाही या.”

“केव्हाही म्हणजे कोणत्या दिवशी?”

एवढ्या वर्षांच्या मंडयांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, ठीक आहे, तिकडची पद्धत असेल. “उद्या या. रविवारी.”

“किती वाजता?”

“चार वाजता.”

तिनं एप्रनच्या खिशातून एक लहानशी डायरी काढली, दोरीला बांधलेली पेन्सिल जिभेला लावली आणि लिहून घेतलं. मग विचारलं, नवऱ्याला आणलं तर चालेल का? “आणा, आणा! सगळ्याईले आणा!” मी म्हणालो. इतकी नम्र बाई! नुसतं तोंडदेखलं म्हटलेलं डायरीत लिहून घेते, म्हणजे मान ठेवणं याला म्हणतात, असं मला वाटलं.

मग मी थांबलो नाही. घोड्यांचा पाळणा फिरवणारा एक म्हातारा होता, गालावर पांढऱ्या मिशा उतरलेल्या. त्याला सांगितलं. त्यानंही वेळ विचारली. तेवढ्यात चर्चच्या पायरीवरच्या चौघांनी वाजवणं थांबवलं आणि हातांवर फुंकर मारू लागले. त्यांत एक उंच बाई होती, तिच्या हातात तिच्याहून लांब पितळी वाद्य.

“वाजंत्रीवाल्याईले चहा इच्यारला पायजे जी,” बायको म्हणाली. आमच्याकडे वाजवणाऱ्याला चहा न विचारता सोडत नाहीत. मी विचारला, तोच पत्ता, उद्या चारला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आपसांत काहीतरी बोलले आणि चारही माना हलल्या.

धिरडी खाऊन परत निघालो. वाटेत मुलीनं सहज विचारलं, “त्या मेणबत्तीवाल्या बाईसंग काय बोलून राह्यले होते तुमी?”

मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. मुलगी रस्त्यात जागच्या जागी थांबली.

“बाबा. किती लोकायले बोलावलं?”

“जास्त नाई. सात-आठ.”

“ते येतीन.”

“अवो, येते कोण? आपल्याकडं शंभराले म्हटलं तं वीस येते. त्या अंदाजानं एखादा आला तं आला.”

“इथी आठाले म्हटलं तं आठ येतेत. आन् चार म्हंजे चार. माह्याकडं दोन खुर्च्या हायेत बाबा! चार ताटल्या!”

मी जरा मऊ झालो. “खोटं कशाले बोलू, मले थोडी चढली होती.”

“काय चढली?”

“तेच ते. लाल. दोन मग.”

मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ते लेकरायचं होतं बाबा. द्राक्षाचा रस आन् दालचिनी. त्या दिवशी तुमीच ‘मले कुठी लागते’ म्हणून ओरडले, म्हणून मी तेच आणलं.”

बायको हसायला लागली. दिव्याच्या खांबाला धरून हसली. “रसानं चढली! अवो माय, माह्या नवऱ्याले रसानं चढली!” एरवी गप्प असलेल्या त्या गावात तीन खिडक्या उघडल्या.

पण मुलगी हसत नव्हती. घरी आल्यावर ती पलंगाच्या काठावर बसली, कोटही न काढता. “दोन वर्सांत माह्या घरी कोणी आलं नाई,” ती म्हणाली. “मी बोलावलंच नाई. एकच खोली हाय. भाषा अडखळते. मले वाटे, मोठं घर झालं की बोलावू, चांगलं बोलता आलं की बोलावू. कारखान्यात सगळे नीट वागतेत. पण घरी कोणाले कसं म्हणाचं, मले सुचलंच नाई.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आन् तुमी रस पिऊन अख्ख्या बाजाराले आवतन देल्लं.”

नाही म्हणून कळवावं, तर नंबर कोणाचाच नव्हता. मी कोणाचा घेतलाच नव्हता. मंडईत घेतो का आपण?

रविवारी सकाळी बायकोनं पदर खोचला. ती वडशाहून पोहे, हरभरे, मोहफुलांचे लाडू आणि पाच माणसांना महिनाभर पुरेल इतका चिवडा घेऊन आली होती. विमानतळावर मी त्यावरून तिला बोललो होतो, ते शब्द तिनं मला त्या सकाळी एकेक करून परत दिले. पोह्यांवर घ्यायची हरभऱ्याची झणझणीत तर्री शेगडीवर चढली. खोलीभर वास झाला. प्रश्न उरला बसण्याचा. हजारो खुर्च्या भाड्यानं देणारा मी, आणि मुलीच्या घरी माणसं बसवायला जागा नाही! आमच्या धंद्यातल्या कोणाला सांगितलं तर तो मला पाणी पाजणार नाही.

“समोरच्या घरी मागू,” बायको म्हणाली.

“आई, तिथी नको,” मुलगी घाबरून म्हणाली. “त्या आजी एकट्या राह्यतेत. कोणासंगच बोलत नाई. दोन वर्सांत नुसतं नमस्कार.”

बायकोनं वाटीभर चिवडा घेतला आणि समोरचं दार वाजवलं. फोन नेला नाही, आणि भाषा तर नव्हतीच. आम्ही दाराआडून पाहत होतो. तिनं चिवडा दिला, बसण्याची खूण केली आणि आठ बोटं दाखवली. आजींनी वाटीत पाहिलं, बोटांकडे पाहिलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आमच्या खोलीत पाच खुर्च्या, एक स्टूल आणि निळ्या काठाच्या बारा ताटल्या आल्या. शेवटची खुर्ची आजींनी स्वतः उचलून आणली आणि तिच्यावरच बसल्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी खिडकीतून खाली पाहिलं. बेकरीच्या बंद दारासमोर सात माणसं थंडीत ओळीनं उभी होती आणि घड्याळाकडे पाहत होती. चार वाजायची वाट बघत होती.

“अवो, ते खाली उभे हायेत!” मी ओरडलो. “वर काऊन नाई येत?”

“चार नाई वाजले ना बाबा,” मुलगी म्हणाली. चर्चचा पहिला टोला पडला आणि आमची घंटी वाजली.

पहिला अर्धा तास फार जड गेला. सगळे ताठ बसलेले, मांडीवर ताटल्या. बायकोनं त्यांच्या बेतानं तर्री सौम्य केली होती, म्हणजे ती तिच्या मते सौम्य होती. उंच बाईला उचक्या लागल्या. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि ताटली पुढे केली, अजून द्या म्हणून. तिथून जरा हवा सैल झाली. मी फोन काढून काही बोलायला गेलो तर मुलीनं तो माझ्या हातून घेऊन कपाटावर ठेवला. “मी बोलतो,” ती म्हणाली.

मग लाडू आले. पाळण्यावाल्या म्हाताऱ्यानं अर्धा खाल्ला, डोळे मिटले आणि काहीतरी विचारलं. मुलगी सांगू लागली. मला शब्द कळत नव्हते, हातांवरून कळत होतं. झाड दाखवलं, मोठं. पहाटेचा अंधार दाखवला, वाकून एकेक फूल वेचायचं दाखवलं, टोपली दाखवली, वाळवणं दाखवलं. मध्ये एक शब्द अडला तेव्हा समोरच्या आजींनी तो पुरवला. पुन्हा अडला, तर मेणबत्तीवालीच्या नवऱ्यानं पुरवला. थोड्या वेळानं ती अडखळत होती आणि सगळे मिळून शब्द फेकत होते, आणि चुकीचा शब्द पडला की हसत होते, तीही हसत होती. अस्वलालाही मोहफुलं आवडतात हे सांगताना तिनं अस्वल करून दाखवलं. माझी पोर, जी आमच्याकडे पाहुणे आले की स्वयंपाकघरात लपायची!

मध्येच आजी तिला काहीतरी बोलल्या, हळू. मुलीचा चेहरा बदलला. नंतर तिनं आम्हाला सांगितलं. आजी म्हणाल्या होत्या, मला वाटायचं तुला शांतता आवडते, म्हणून मी दार वाजवत नव्हते. आणि ही म्हणाली, मला तुमच्याबद्दल तेच वाटायचं.

साडेपाचला मेणबत्तीवालीनं डायरी काढली. तिला पुढच्या शनिवारी खोपट्यात कोणी मदतीला हवं होतं, येशील का? मुलीनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “हो” हा शब्द जर्मनमध्ये काय असतो तेवढं मला तोवर कळू लागलं होतं.

सहाला सगळे एकदम उठले. आजींसकट आठही जणांनी बायकोचा हात हातात घेतला. माझाही घेतला, पण जरा कमी वेळ.

नंतर मुलगी ताटल्या धुऊ लागली, बायको पुसू लागली आणि मी मधोमध उभा राहून दोघींच्या वाटेत येत राहिलो. मला माहीत होतं की आता विचारणार. भाषण जिभेवर होतं. नागपूर, दुपारचं जेवण, आजारपण, सणवार.

“बाबा,” तिनं नळ बंद न करता विचारलं, “मंग? काय वाटते तुमाले?”

मी घसा साफ केला. पण बायको आधी बोलली. हातातल्या ताटलीवरून नजर न उचलता.

“इथीच राहा.”

मुलीनं नळ बंद केला. “आई, तुले चालन?”

“मले नाई चालत. पण तुले चालून राह्यलं, ते आज दिसलं ना.” ती ताटली तिनं तीनदा पुसली. मग डोळे पुसले, त्याच फडक्यानं.

मुलगी आईला मिठी मारून उभी राहिली. मी भाषण गिळलं. ते विमानात तयार केलं होतं, घरी न्यायला जड झालं नसतं, पण आता त्याला कोणी श्रोता नव्हता.

निजायची तयारी करताना बायको मला म्हणाली, “पोरीले न्याले आले होते ना जी तुमी? तुमीच खुंटा गाडून देल्ला.” खुंटे गाडणं हा माझा धंदाच आहे.

सोमवारी सकाळी मुलीनं कारखान्याला हो आणि नागपूरला नाही कळवलं. दोन्ही पत्रं पाठवायच्या आधी आम्हाला वाचून दाखवली. नागपूरचं पत्र वाचताना तिचा आवाज जरा हलला, म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी बराच वेळ पाहिलं.

शनिवारी आम्ही बाजारात गेलो तेव्हा ती आधीच खोपट्यात उभी होती. अंगात एप्रन, डोक्याला लोकरीचा पट्टा, हात थंडीनं लाल. तिच्यासमोर चार-पाच माणसं होती. बँडातली उंच बाई येऊन तिच्याशी काहीतरी बोलून गेली. समोरच्या आजी बाजूला स्टुलावर बसून कागद कापून देत होत्या. आम्ही दोघं गिऱ्हाइकांच्या मागं उभे राहिलो आणि आमची पाळी आल्यावर ती आमच्याकडे पाहून हसली, पण ते हसू सगळ्यांनाच होतं, आमच्या वाट्याला जरासं जास्त आलं इतकंच.

“काय पायजे, बाबा?”

“हे द्या एक,” मी मेणबत्ती दाखवून म्हणालो.

तिनं ती नीट कागदात गुंडाळली, वरून बारीक हिरवी फांदी खोचली आणि माझ्या हातात दिली. बायको काही बोलायला पुढे सरकली, तोवर मागून एक म्हातारा जर्मनमध्ये काही विचारू लागला होता.

“आई, थोडं बाजूले हो ना,” मुलगी म्हणाली. “त्याईले दिसून नाई राह्यलं.”

आम्ही बाजूला झालो.